पापणी ते श्वास : साडेपाच तासांचा घटनाक्रम

एकलहऱ्याच्या औष्णिक वीज केंद्रात २१० मेगावॉटचे तीन संच आहेत. रात्री गोदाकाठच्या मळ्यांतून पाहिलं की चिमण्या आकाशात उभ्या दिसतात. इथली वीज कुठच्या कुठे जाते. पण एखाद्या घरातला दिवा लागणार की नाही, हे दाराशेजारच्या फ्यूजमधल्या बोटभर तारेवर ठरतं. संच फिरतोय, तारा शाबूत आहेत, दिवाही चांगला आहे, आणि तरी घरात अंधार. मण्यारीचं विष माणसाच्या चेतासंस्थेत नेमका हाच अंधार करतं. मेंदूला ते हात लावत नाही, मज्जारज्जू तोडत नाही, स्नायू कुजवत नाही. चेतातंतू जिथे स्नायूला भेटतो तेवढा सांधा ते निकामी करतं.

पुढे ज्याची रात्र सांगितली आहे तो कुणी एक विशिष्ट माणूस नाही. मण्यारीच्या दंशानंतर जो क्रम वैद्यकीय नोंदींत पुन्हा पुन्हा सापडतो, तो इथे एका घरात आणि एका रात्रीत बसवला आहे. घर एकलहऱ्याच्या शिवारातलं, रात्र श्रावणातली. घरात त्याला नाना म्हणतात, वय पंचेचाळीस. घड्याळ श्वास थांबण्याच्या क्षणापासून उलटं मांडलं आहे.

संध्याकाळी ७:३० — श्वास थांबायला ११ तास १० मिनिटं

दिवसभर रिपरिप आहे. बाहेरची बिळं पाण्याने भरली आहेत. पुढच्या खोलीत भिंतीला लावून गव्हाच्या गोण्या रचल्या आहेत. गोण्यांमागे उंदीर, आणि उंदरांमागे मण्यार.

मण्यार काळीनिळी, तुकतुकीत. अंगावर पांढरे बारीक आडवे पट्टे, बहुधा जोडीजोडीने. डोक्याकडे ते पुसट होत जातात आणि शेपटीकडे ठळक. तिच्यासारखाच दिसणारा कवड्या बिनविषारी असतो. त्याचे पट्टे मानेपासूनच सुरू होतात आणि शेपटीकडे विरत जातात. दिवसा मण्यार सुस्त पडून असते, सहसा कुणाला चावत नाही. रात्री मात्र ती शिकारीला निघते. उंदीर, पाली खाते, दुसरे सापही खाते.

जेवणं झाली. कॉटवर आजी झोपते. नाना, त्यांची बायको आणि मुलगा जमिनीवर गोधड्या टाकतात. घर असंच झोपत आलं आहे.

रात्री १:१० — ५ तास ३० मिनिटं

नाना झोपेत कूस बदलतात. दंड कशावर तरी पडतो. मण्यार चावते आणि भिंतीच्या कडेने निघून जाते.

तिचे दात आखूड आहेत. दंशाच्या खुणा दिसतीलच असं नाही. सूज येत नाही, रक्त वाहत नाही, आग होत नाही. घोणस चावली तर अर्ध्या तासात हात सुजून माणूस ओरडत उठला असता. वेदना वाहून नेणाऱ्या चेतातंतूंची टोकं ऊतींची नासधूस झाली की जागी होतात आणि मेंदूपर्यंत बोंब पोहोचवतात. मण्यारीचं विष त्या जागेची नासधूस करतच नाही. त्यामुळे धोक्याची घंटा शाबूत असूनही वाजत नाही.

विष त्वचेखालच्या लसीकावाहिन्यांत शिरतं आणि तिथून रक्तात.

रात्री १:३० — ५ तास १० मिनिटं

नाना अर्धवट जागे होऊन दंड खाजवतात. डास असेल. पुन्हा झोप.

या साध्या खाजवण्यात किती घडलं ते पाहण्यासारखं आहे. प्रमस्तिष्काच्या बाहेरच्या थरातल्या चेतापेशींनी हुकूम सोडला. मेंदूच्या तळाशी असलेल्या मस्तिष्कपुच्छापाशी बहुतेक तंतू बाजू बदलतात, म्हणून उजव्या हाताचा हुकूम डाव्या बाजूने निघाला आणि तिथे उजवीकडे वळला. मानेतल्या मज्जारज्जूत तो दुसऱ्या पेशीच्या हाती पडला. तिचा तंतू थेट हाताच्या स्नायूपर्यंत जातो, आणि त्यावरून संदेश सेकंदाला पन्नास-साठ मीटर वेगाने धावतो. मानेपासून बोटापर्यंत जायला सेकंदाचा पन्नासावा भागही लागला नाही.

आणि तिथे, स्नायूच्या अगदी तोंडाशी, तार संपली. चेतातंतू स्नायूला चिकटलेला नसतो. मध्ये सुमारे ५० नॅनोमीटरची फट असते, केसाच्या जाडीच्या हजाराव्या भागाहूनही अरुंद. चेतापेशी एकमेकींना जोडलेल्या नसून वेगवेगळ्या असतात, हे स्पेनच्या सांतियागो रामोन इ काहाल यांनी सूक्ष्मदर्शकाखाली तासन्‌तास चित्रं काढून दाखवलं. १९०६ च्या नोबेल पारितोषिकात त्यांचा वाटा होता. त्यांच्याही आधी, १८५० च्या दशकात, पॅरिसमध्ये क्लोद बेर्नार यांनी बेडकांवर क्युरारी हे बाणाला लावायचं विष वापरलं होतं. विष भिनलेल्या बेडकाच्या चेतातंतूला विजेचा झटका दिला तर पाय हलेना. तोच झटका थेट स्नायूला दिला की पाय उडे. तंतूही निरोगी, स्नायूही निरोगी. म्हणजे बिघाड दोघांच्या मधे.

ही फट संदेश विजेच्या रूपात ओलांडत नाही. तंतूच्या टोकाशी सूक्ष्म पुटिका भरून ठेवलेल्या असतात, प्रत्येकीत ॲसिटाइलकोलिनचे हजारो रेणू. हुकूम आला की पुटिका फुटतात, रेणू फट पार करून स्नायूवरच्या ग्राहींना चिकटतात आणि स्नायू आकुंचन पावतो. या पुटिका ठरावीक मापाच्या पुड्यांसारख्या रित्या होतात, हे बर्नार्ड कॅट्झ यांनी दाखवलं. १९७० च्या नोबेलमध्ये त्यांचाही वाटा होता.

आता रक्तातून विष या सांध्यांशी पोहोचलं आहे. १९६३ मध्ये तैवानमध्ये चँग आणि ली या शास्त्रज्ञांनी तिथल्या मण्यारीच्या विषातले घटक वेगळे केले तेव्हा एकाच विषात दोन निराळी हत्यारं सापडली. एक स्नायूवरच्या ग्राहींवर कुलूप घालतं. दुसरं तंतूच्या टोकाला जाऊन बसतं, त्याचं आवरण कुरतडतं आणि पुटिकांचा साठा संपवतं. आपल्या मण्यारीच्या विषातही ही दोन्ही प्रकारची हत्यारं आहेत. पहिल्याने सांधा मोडत नाही, फक्त बंद होतो. दुसऱ्याने तंतूचं टोकच नष्ट होतं.

तरी नानांचा हात अजून हलतो आहे. निसर्गाने या सांध्यात भरपूर शिल्लक ठेवली आहे. स्नायू हलायला लागतं त्याच्या कितीतरी पट ॲसिटाइलकोलिन दर हुकमाला सुटतं, आणि तीन-चतुर्थांशाच्या आसपास ग्राही बंद पडेपर्यंत अशक्तपणा जाणवत नाही. पुढचे सुमारे अडीच तास नानांचं शरीर या शिलकीवर चालणार आहे.

पहाटे ३:०० — ३ तास ४० मिनिटं

पोटात मुरडा येऊन नाना उठतात. एक उलटी होते. घसा दुखतो. सांधे ठणकतात.

"पित्त झालं असंल. रात्री शेंगदाण्याची चटणी जास्त झाली तुमची," बायको म्हणते आणि ओवा-मीठ देते.

मण्यारीच्या दंशात पहिली तक्रार फार वेळा पोटाची असते. पावसाळ्यात जमिनीवर झोपलेला धडधाकट माणूस पहाटे पोटदुखीने उठला, तर अंगावर खूण नसली तरी मण्यारीची शंका घ्यावी. महाडचे डॉ. हिम्मतराव बावस्कर आणि डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांनी कोकणातल्या खेड्यांत विंचू आणि साप चावलेल्यांवर उपचार केले आणि मण्यार-नागाच्या रुग्णांची लक्षणं शास्त्रीय नियतकालिकात नोंदवली. अशाच नोंदींमुळे पोटदुखी आणि साप यांचा संबंध डॉक्टरांच्या ध्यानात राहतो. घराच्या ध्यानात तो अजून यायचा आहे.

पहाटे ४:०५ — २ तास ३५ मिनिटं

नाना चहा मागतात. बायको दिवा लावते आणि म्हणते, "अहो, डोळे उघडा ना. बसल्याबसल्या झोपताय का?"

"उघडेच आहेत," नाना म्हणतात. पापण्या अर्ध्यावर आल्या आहेत. ते कपाळाला आठ्या घालून भुवया वर ओढतात, मान मागे टाकून पापणीखालून पाहतात. एकाचे दोन दिवे दिसतात.

उतरण इथून सुरू होते आणि बहुधा ती वरून खाली येते. विष तर रक्तातून सगळीकडे एकदमच पोहोचलं. मग पापणी आधी का? उत्तर रचनेत आहे. मांडीच्या स्नायूत एक चेतापेशी शेकडो, कधी हजारभर स्नायूतंतूंना हाकते. तिथे काम जोराचं, नेमकेपणा कमी. डोळा हलवणाऱ्या स्नायूत एक पेशी मोजक्याच तंतूंना हाकते. म्हणून तर आपण ओळीतल्या एका अक्षरावर नजर ठरवू शकतो. पण हे स्नायू दिवसभर विसावत नाहीत, त्यांचे सांधे लहान, आणि त्यांच्यात राखीव शिल्लक कमी. जिथे काम सर्वांत नाजूक, तिथेच ठेव सर्वांत थोडी. म्हणून टंचाई आली की ती आधी डोळ्यांत दिसते. पापणी उचलणारा आणि बुबुळं फिरवणारा बहुतेक हुकूम तिसऱ्या मस्तिष्क-चेतेतून येतो. ती चेता या क्षणीही ठणठणीत आहे. हुकूम सुटतो आहे, पण पलीकडे कुणाच्या हाती पडत नाही.

पहाटे ४:३५ — २ तास ५ मिनिटं

चहाचा घोट नाकातून परत येतो. आवाज गेंगाणा झाला आहे, जीभ जड. आता घसा आणि टाळू हलवणारे स्नायू सुटत आहेत. लाळ गिळता येत नाही, ती तोंडात साचते.

मुलगा उठून बसला आहे. शाळेत कधीतरी सर्पदंशाचं भित्तिपत्रक त्याने पाहिलं होतं. "नाना, रात्री काही चावलं का?" नाना दंड दाखवतात. तिथे काही नाही. मुलगा गोधड्या झटकतो, गोण्या सरकवतो. साप सापडत नाही.

दारात शेजारी जमतात. कुणी म्हणतं देवळात नेऊ, अंगारा लावू. कुणी म्हणतं झाडपाला देणारा एक आहे. कुणी दंडाला दोरी आवळायला घेतं, कुणी ब्लेड आणतं.

घटनाक्रमातलं सर्वांत निर्णायक पाऊल इथे पडतं, आणि ते कुठल्याही चेतापेशीत पडत नाही. भारतात २००० ते २०१९ या वीस वर्षांत सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसं गेली, वर्षाला सरासरी ५८ हजार, असा संशोधकांचा अंदाज आहे. त्यातले बहुतेक मृत्यू खेड्यांत आणि राहत्या घरी झाले, जवळपास निम्मे पावसाळ्यात. औषध नव्हतं असं नाही. मुंबईच्या हाफकिनचं नाव सर्पविषावरच्या लसीसाठी महाराष्ट्राला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. १०८ ची रुग्णवाहिका आहे, दवाखाने आहेत, डॉक्टर आहेत. सुटलेला हुकूम जसा शेवटच्या फटीपाशी अडतो, तशी ही सगळी मदत गोधडी आणि उंबरठा यांच्यामधल्या चार पावलांत अडते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये सर्पदंशाला दुर्लक्षित आजारांच्या यादीत घेतलं, आणि २०२४ मध्ये भारत सरकारने हे मृत्यू २०३० पर्यंत निम्म्यावर आणण्याचा आराखडा जाहीर केला. त्या आराखड्याची खरी परीक्षा अशा पहाटे, अशा दारात होते.

आजी कॉटवरून म्हणते, "देवाला नंतर हात जोडू. आधी दवाखाना."

दोरी सोडून देतात. ब्लेड बाजूला पडतं. मुलगा दंडाला पट्टी लावून झोळीत हात स्थिर करतो, कारण हालचाल जितकी जास्त तितकं विष लसीकेतून लवकर पुढे सरकतं. नानांना कुशीवर निजवतात, म्हणजे लाळ श्वासनलिकेत जाणार नाही.

पहाटे ५:०० — १ तास ४० मिनिटं

१०८ ला फोन लागतो. तेवढ्यात शेजाऱ्याचा पिकअप सुरू होतो आणि मुलगा नानांना घेऊन त्यातूनच नाशिकरोडच्या दिशेने निघतो. मागे वीज केंद्राच्या चिमण्या दूर होत जातात.

पहाटे ५:२० — १ तास २० मिनिटं

नानांची मान लुळी पडते. मुलाने डोकं मांडीवर धरलं आहे. डोळे बंद, जबडा सैल, चेहऱ्यावर भाव नाही. पाहणाऱ्याला वाटेल, शुद्ध गेली.

नानांना रस्त्यातला प्रत्येक खड्डा कळतो आहे. मुलगा फोनवर रडवेल्या आवाजात बोलतो तेही ऐकू येतं आहे. मेंदू आणि रक्त यांच्यामधे सूक्ष्म केशवाहिन्यांच्या भिंतीचा पहारा असतो. विषातली ही मोठी प्रथिनं बहुतांशी ती भिंत ओलांडत नाहीत. कान, त्वचा, नाक यांच्याकडून मेंदूकडे येणारी वाट वेगळी आहे आणि तिच्यावर हे स्नायूचे सांधे नाहीत. म्हणून आत येणारा प्रत्येक संदेश पोहोचतो, बाहेर जाणारा एकेक करून अडतो. हृदयही चालू आहे. त्याचा ठोका त्याच्याच भिंतीतल्या पेशी ठरवतात. त्याला मेंदूच्या हुकमाची वाट पाहावी लागत नाही, आणि त्याच्यावरचे ग्राहीही दुसऱ्या जातीचे आहेत.

अशा अवस्थेत माणूस खरंच जागा असतो का, हे १९४७ मध्ये अमेरिकेत एका डॉक्टरने स्वतःवर पाहिलं. स्कॉट स्मिथ यांनी क्युरारीतला घटक पूर्ण लुळे होईपर्यंत टोचून घेतला. सहकारी त्यांना कृत्रिम श्वास देत राहिले. हालचाल परतल्यावर स्मिथ यांनी आजूबाजूला काय काय घडलं ते सगळं सांगितलं. त्यांची जाणीव क्षणभरही ढळली नव्हती.

म्हणून अशा रुग्णाच्या उशाशी काय बोलावं, हा प्रश्न साधा नाही. "गेलं आता," असं कुणी म्हटलं तर ते त्याला ऐकू जातं.

पहाटे ५:४५ — ५५ मिनिटं

दवाखाना. डॉक्टर साप पाहायला मागत नाहीत; पापण्या, मान आणि श्वास पाहतात. "एका श्वासात जमेल तेवढे आकडे मोजा." नाना गेंगाण्या, पुसट आवाजात नऊपर्यंत पोहोचतात. निरोगी माणूस सहज तिशीच्या पुढे जातो.

सर्पविषावरची लस सुरू होते, सलाइनमधून दहा कुप्या. ही मात्रा रुग्णाच्या वयावर किंवा वजनावर ठरत नाही. लहान मुलालाही तेवढीच देतात, कारण सापाने विष टोचताना वजन पाहिलेलं नसतं. ही लस घोड्यांच्या रक्तातल्या प्रतिपिंडांपासून तयार होते आणि नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चारही सापांच्या विषावर चालते. तिची तीव्र ॲलर्जी येऊ शकते, म्हणून शेजारी ॲड्रिनलिन भरून ठेवलेलं असतं.

लस रक्तात फिरणारं विष पकडते. जे सांध्याला चिकटून आत शिरलं आणि तंतूचं टोक कुरतडून गेलं, तिथपर्यंत तिचा हात पोहोचत नाही. नागाच्या विषाचं काम मुख्यतः ग्राहींवर कुलूप घालण्याचं, त्यामुळे निओस्टिग्मिनच्या इंजेक्शनने पापण्या कधी कधी मिनिटांत वर येतात. मण्यारीत हा चमत्कार बहुधा घडत नाही. १:३० वाजता जे सुरू झालं त्याची किंमत आता चुकवावीच लागणार. घरात गेलेले साडेतीन तास औषधाने परत मिळत नाहीत.

सकाळी ६:१० — ३० मिनिटं

श्वास उथळ, जलद. आत घेताना पोट वर यायला हवं, ते खाली जातं. श्वासपटल थकलं आहे.

श्वासाचा ताल मस्तिष्कपुच्छात ठरतो. तिथल्या पेशी जन्मापासून अखंड हुकूम सोडत आल्या आहेत, मोठ्या माणसात मिनिटाला बारा-पंधरा वेळा. श्वासपटल छातीच्या तळाशी आहे, पण त्याची चेता निघते मानेतून, मज्जारज्जूच्या तिसऱ्या, चौथ्या आणि पाचव्या पातळीवरून. ही एवढी लांबची वाट का? कारण गर्भात श्वासपटलाची घडण मानेपाशीच सुरू होते. पुढे ते खाली सरकतं आणि आपली चेता सोबत ओढून नेतं. या रचनेमुळे छातीच्या पातळीवर पाठीचा कणा मोडला तरी माणूस श्वास घेऊ शकतो. मानेत वरच्या बाजूला मोडला तर नाही.

नानांची मान शाबूत आहे, चेता शाबूत आहे. रक्तात कार्बन डायऑक्साइड वाढतो आहे आणि मस्तिष्कपुच्छ अधिकाधिक जोराने हुकूम सोडतं आहे. या घटकेला नानांच्या शरीरात सर्वांत मोठ्याने ओरडणारी जागा तीच असेल. श्वासपटलाच्या सांध्यांत शिल्लक पुष्कळ, म्हणून ते इतका वेळ तगलं. आता तीही सरत आली.

डॉक्टर मुलाला बाहेर जा म्हणत नाहीत. श्वासनलिकेत नळी घालायची तयारी चालू आहे.

सकाळी ६:४० — ०

छाती हलायची थांबते.

हृदय चालू आहे. मेंदू जागा आहे. शरीराच्या वजनाचा जेमतेम पन्नासावा भाग असलेला हा अवयव शरीरातला सुमारे पाचवा हिस्सा प्राणवायू वापरतो, आणि त्याच्याकडे साठा नसतो. पुरवठा तुटल्यापासून चार-पाच मिनिटांत त्याच्या पेशी कायमच्या मरू लागतात. विषाने मेंदूला स्पर्शही केलेला नाही; तरी मेंदू मरतो तो असा, श्वासपटलापाशी राहिलेल्या ५० नॅनोमीटरच्या फटीमुळे.

परिचारिका तोंडावर मास्क दाबून रबरी पिशवी दाबते. पाच सेकंदांनी पुन्हा. छाती वर येते. काही मिनिटांत नळी बसते आणि पिशवी नळीला जोडली जाते. नानांच्या मस्तिष्कपुच्छाने सोडलेला हुकूम आता एक अनोळखी हात पुरा करतो.

पिकअप वाटेत रुतला असता, किंवा पहाटेचा आणखी एक तास अंगाऱ्यात गेला असता, तर हाच क्षण रस्त्यात आला असता. शरीरात घडलं असतं ते अक्षरशः तेच. फरक फक्त त्या हाताचा.

सकाळी ८:१५ — श्वास थांबून १ तास ३५ मिनिटं

व्हेंटिलेटर चालू आहे. बुबुळं विस्फारलेली, उजेडालाही हलत नाहीत. इतर कुठल्या आजारात हे मेंदू गेल्याचं चिन्ह धरलं गेलं असतं. मण्यारीच्या रुग्णात तसं धरू नये, असं वैद्यकीय मार्गदर्शिका बजावतात: बुबुळ लहान-मोठं करणारी यंत्रणाही विषाने लुळी पडू शकते.

मुलगा पायाशी उभा आहे. परिचारिका त्याला सांगते, "विचार त्यांना. ऐकतात ते."

"नाना, मी आहे. ऐकू येत असंल तर पायाचा अंगठा हलवा."

बाकी सगळं गेलं तरी हातापायाच्या बोटांत हालचालीचा अंश कधी कधी उरतो. कमरेतून निघणाऱ्या शरीरातल्या सर्वांत लांब चेतातंतूंच्या टोकाला, जवळजवळ एक मीटरवर, अजून काही पुटिका शिल्लक असतात.

अंगठा हलतो. जेमतेम, पण दोनदा.

पाचवा दिवस

तंतूंची नष्ट झालेली टोकं पुन्हा वाढतात. त्यांना वाट शोधत हिंडावं लागत नाही. जुन्या सांध्याभोवतीचं आवरण आणि आधारपेशी जागेवरच असतात आणि नवं टोक त्याच साच्यात येऊन बसतं. याला काही दिवस लागतात. तोवर यंत्राने श्वास चालवायचा, फुप्फुसांत जंतुसंसर्ग होऊ द्यायचा नाही, आणि माणसाशी बोलत राहायचं. मण्यारीवरचा अर्धा उपचार एवढाच आहे.

पुणे-नाशिक रस्त्यावर नारायणगावला डॉ. सदानंद राऊत वर्षानुवर्षं सर्पदंशाच्या रुग्णांवर उपचार करत आले आहेत, आणि दवाखान्याबाहेर गावकऱ्यांना शिकवतही आले आहेत. सापाने एकही मृत्यू होऊ नये, हा त्यांचा ध्यास आहे. तो ध्यास भाबडा नाही, हे वरच्या घड्याळातून दिसतं. या विषाने लुळा पडलेला माणूस आतून पूर्ण शाबूत असतो. मेंदू, मज्जारज्जू, हृदय, सगळं जागच्या जागी. त्याला बाहेरून श्वास मिळाला तर शरीर तुटलेला सांधा स्वतः जोडून घेतं. मरण टाळण्यासारखं असूनही आलं, तर त्याचं कारण माणसांमधल्या तुटलेल्या सांध्यात शोधावं लागतं: न ओळखलेली पोटदुखी, न उचललेला फोन, दारात गेलेला अर्धा तास.

पाचव्या दिवशी नाना यंत्राशिवाय पहिला श्वास घेतात. आठवड्याने पिकअप त्यांना घेऊन एकलहऱ्याला परततो. गव्हाच्या गोण्या आता मधल्या खोलीत फळ्यांवर, भिंतीपासून हातभर सोडून ठेवल्या आहेत. पुढच्या खोलीत दुसरी कॉट आली आहे. संध्याकाळी आजी स्वतः उठून तिच्यावर मच्छरदाणी बांधते, आणि नाना आडवे झाल्यावर तिची कड चारही बाजूंनी गादीखाली खोचते.